पानवेलीची कुंडी

जगदेवा,

कुलूप उघडू नोको. हे दारातच वाच अन् घरात पाय न ठेवता परत फिर.

तुह्या पानवेलीची कुंडी आता बदलाची का दिवाळीनंतर, यावर आपलं पंधरा दिवस वाजलं. मुळ्या बुडाच्या भोकातून बाहेर आल्याबिगर हात लावू नोको, असं तू अनसिंगले जाताना बजावून गेला. पण पानं पिवळी पडून राह्यली होती, म्हून चार दिवसामागं मुळ्या पाहाले म्या माजघरातली कुंडी उचलली. मुळ्या बोटभर बाहेर आल्या होत्या, तुहंच खरं निंगालं. पण कुंडीच्या मागं मेलेला उंदीर पडला होता.

तू गेल्यावर गावात पलेग आला. लेकरं पाहतीन म्हून घाबरून म्या तो उंदीर हातानंच उचलून बाहेर फेकला. फडकं घ्याचंही सुचलं नाही.

चतुराबाई अन् तुही लेकरं त्याच दिवसापासून गावाबाहेर आंब्याखालच्या झोपडीत हायेत. थेट तिकडंच जाय. त्यायनं कुंडीले हात लावला नाही, कोनाले तापही नाही. माह्या काखेत आज सकाळपासून दुखून राह्यलं, पण ते पाणी शेंदल्यानंही असंल. चतुराबाईले सांगू नोको.

वेल नव्या कुंडीत लावली अन् संगंच नेतो. माळावर जिच्या दारात ती दिसंल, त्या झोपडीकडं येऊ नोको.

तुहा दादा,
जानराव