दांडा अर्धाच निघतो

४ फेब्रु. ८४
यूसुफभाईंची गाडी गॅरेजात परत आली. गेल्याच आठवड्यात नवा क्लच टाकून दिला होता. साधा नाही, मुंबईहून मागवलेला हेवी. रेसच्या गाड्यांना घालतात त्या जातीचा. सल्ला माझाच. कसारा घाट चढताना सिमेंटच्या लोडवर त्यांच्या ट्रकच्या साध्या क्लच-प्लेटा जळत होत्या, दिवाळीपासून दोन गेल्या. ही जळत नाही. "घाट मख्खनसारखा चढली," म्हणाले. पण आता वेगळंच दुखणं. पेडल दाबलं तरी क्लच सुटत नाही. पहिला टाकताना करर्र. रिव्हर्सला तर सिन्नरपर्यंत ऐकू जाईल.

आवाज कोपऱ्यावरूनच ओळखला. सौ.ला म्हटलं, चहा टाक, भाई आले, रडत आले.
"भाई? रडत?"
"गाडी गं."

तेलावरचा क्लच, पेडल दाबलं की नळीतलं तेल खालचा दांडा ढकलतं. नळीत हवा शिरली असणार. हवा असली की पायाचा जोर तीच खाते, खालच्या सिलिंडरचा दांडा पुरा बाहेर येत नाही, प्लेट सुटत नाही. उद्या हवा काढू.

५ फेब्रु.
हवा काढली. हेल्पर नामदेव पेडलवर, मी गाडीखाली. दाब. धर. सोड. एक बुडबुडा नाही निघाला. म्हणजे हवा नव्हतीच? तरी नवं तेल भरलं. नामदेवने गिअर टाकून पाहिले, लोण्यात सुरी.

भाई समोरच्या टपरीवर बसून होते. गिऱ्हाइकाने गाडीत बसायचं नाही, हा आपला नियम, दारावर रंगवून घेतलाय. मालक सीटवर बसला की मधे मधे स्टार्टर मारतो, खाली आमचे हात असतात. भाई त्या पाटीखाली उभे राहून म्हणायचे, "दत्तूशेठ, तुला गाडीत बसायला कोणी शिकवलं रे?" त्यांनीच शिकवलं. सिन्नरहून आलो तेव्हा यांच्याच गाडीवर क्लीनर. हेही त्यांना दर वेळी ऐकायचंच असतं.

गाडी नेली. पिंपळगावला द्राक्षं भरायची होती.

८ फेब्रु.
बुधवार, बाजाराची गर्दी, त्यात भाई हजर.

कसारा घाट उतरताना तिसऱ्यातून दुसरा टाकायला गेले. तिसरा निघाला, दुसरा जाईना. करकर करकर. गाडी न्यूट्रलमध्ये, मागे द्राक्षांच्या पेट्या, पुढे वळण. नुसत्या ब्रेकवर. मग म्हणे क्लचचा नाद सोडला, ॲक्सिलरेटर मारला, कानाने इंजिनचा सूर जुळवला आणि गिअर सरकवला. बसला.
हे सगळं हसत सांगत होते. "तुला शिकवलं होतं ना? बिनक्लचचा गिअर. याद हाय?"
आहे. इंजिनचा सूर आणि गिअरबॉक्सचा सूर एक झाला की गिअर आपोआप बसतो. कान तिथेच तयार झाले माझे. पण ते सपाटीवर, रिकाम्या गाडीत, गंमत म्हणून. घाटात लोड घेऊन...

हसलो नाही. त्यांनी ते पाहिलं, त्यांचंही हसणं थांबलं.

पेडलकडचा वरचा सिलिंडर खोलला. रबरं धड होती, तरी नवी टाकली. गळती कुठेच नाही.

९ फेब्रु.
दांडा मोजला. नामदेव पेडल दाबतो, दांडा जितका यायला हवा तितका बाहेर येतो. केसभर कमी नाही. गिअर एकही वाजत नाही.

गाडी न्यायला भाई बसले, रिव्हर्स घेतला, करर्र.
धावत गेलो, त्यांना उतरवलं, मी बसलो. आवाज नाही. पुन्हा ते. करर्र.
"गाडीला तुझी ओळख हाय, शेठ," भाई म्हणाले.
नामदेव म्हणाला, "गाडी रुसली म्हनायची मालकावर. दुसरी केली काय भाई?"
तिघंही हसलो. मी त्यातल्या त्यात कमी.

काय असेल? गरम झाल्यावर नळी फुगत असेल? बेअरिंग मधेच अडकत असेल?

१० फेब्रु.
ठरवलं. वरचा सिलिंडर मोठ्या तोंडाचा टाकला. एका दाबात तेल जास्त ढकलणार, दांडा जास्त येणार, प्लेट सुटायलाच हवी. पेडल मात्र जड झालं. हेवी प्लेटने आधीच जड होतं, त्यात ही भर.
नामदेव दाबून बघतो आणि म्हणतो, "मिस्त्री, हे पाय लावून दाबायचं का जॅक लावून?"

भाईंना दिली. म्हणाले, जड असू दे, घाटाला जडच बरं. तरी मी बजावलं, आधी लासलगावपर्यंत रिकामी फिरवून बघा, घाट नंतर.

१३ फेब्रु.
आणखी बिघडलं.
हे होऊच शकत नाही. दांडा वाढवला तर क्लच जास्त सुटायला हवा. भाई म्हणतात आता दहातल्या सहा वेळा वाजतो. लासलगावच्या मार्केट यार्डात वळवताना मागच्या ट्रॅक्टरला टेकवली. इजा कुणाला नाही. ट्रॅक्टरवाला शिव्या देऊन गेला.

पंचवीस वर्षं या धंद्यात, हिशेब उलटा आला असं कधी झालं नाही.
जेवताना सौ. म्हणाली, "अहो, ताटाखाली काय दाबताय?" डावा पाय. आपोआप चाललेला.

१५ फेब्रु.
आजचं लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी काउंटरवर पाठमोरा बसलो होतो, पावती फाडत. मागून चपलांचा आवाज. एक टाप, एक फरर. टाप, फरर. वाटलं कुणी म्हातारा, भिक्षेकरी असेल, वळलो तर यूसुफभाई.
मी त्यांच्या पायाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे.
"नवी चप्पल हाय. ढिली पडते."
चप्पल नवी नव्हती. डावीचा अंगठ्याकडचा भाग घासून पुसलेला. आणि भाई केबिनमध्ये चढताना चप्पल नेहमी खाली काढतात, गाडीत अनवाणी पायांनी, लक्ष्मी आहे म्हणून. मग फक्त डावीच एवढी झिजते कशाने?

टपरीवाला चहा घेऊन आला, न विचारता त्यांना वेगळा ग्लास दिला. भाईंचा चहा म्हणजे चमचा उभा राहील इतकी साखर, सगळा द्वारका चौक चेष्टा करायचा. मी विचारलं, वेगळा का? टपरीवाला म्हणाला, "बिनसाखरेचा. दिवाळीपासून तसाच घेतात ना ते."
दिवाळीपासून.

पावती अर्धीच फाटली. उठलो. म्हटलं, भाई, आज तुम्ही बसा सीटवर.
"आणि पाटी?"
"पाटी राहू द्या."

गाडीखाली गेलो. पाठीवर पडून वर बघत, दांड्यावर टॉर्च.
"दाबा."
दांडा निघाला. अर्ध्यावर आला. थरथरला. हळूहळू परत आत गेला.
"दाबला?"
"दाबला की. पुरा. तळाला टेकला."
"परत."
परत अर्धा. थरथर. परत आत.
"अब छोडूं क्या?" वरून आवाज. त्यांना वाटत होतं पाय अजून तळाशीच आहे.

खालीच पडून राहिलो. त्यांनी वरून विचारलं, "दत्तू, झोपला का रे?" म्हटलं, नट शोधतोय.

बाहेर येऊन म्हणालो, सिलिंडरमध्येच दोष आहे, दुसरा मागवतो, तोवर गाडी राहू द्या. चांगलं म्हणाले. चालत गेले. टाप, फरर. कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

१६ फेब्रु.
रात्रीतून आणखी एक कोडं सुटलं, नको होतं तरी. जुन्या दोन प्लेटा लोडने जळल्याच नव्हत्या. पाय बधिर. गिअर बदलून झाल्यावरही तो पेडलवरच पडून राहत असणार, त्यांना न कळता. क्लच अर्धवट दाबलेला, प्लेट घासत घासत घाट चढायची. आणि मी उपाय कशावर केला? प्लेटवर. जड पेडल दिलं, मग आणखी जड दिलं.

नामदेवला सांगितलं. तो पाना पुसत म्हणाला, "मला वाटलंच व्हतं, मिस्त्री. पन त्यांच्या तोंडावर कोन बोलनार? त्यांच्या गाडीवर जेवून मोठे झालो आपन सगळे."

१८ फेब्रु.
भाई आले. चेष्टा नाही, टपरी नाही, सरळ आत. सौ.ने चहा आणला, बिनसाखरेचा. ते तिच्याकडे बघून मग माझ्याकडे वळले.
"तू खालून बघितलंस ना."
"हो."
"कितना निकला?"
"अर्धा."
म्हणाले, "मला वाटलं पुरा दाबला." हेच पुन्हा एकदा. स्वतःशीच.

मग सांगितलं. साखर. दिवाळीच्या आधी डोळे धूसर झाले म्हणून तपासून घेतली. पावलात रात्री आग आणि दिवसा काहीच नाही. मांडीतला जोर चाललाय. घरी भाभींना माहीत, बाकी कुणाला नाही. भाभी म्हणतात गाडी विका. "विकू आणि काय करू? खाटेवर पडून हॉर्न ऐकू?"

दुसरा ड्रायव्हर ठेवा म्हटलं. त्यावर इतकं रागावले की कप खाली ठेवताना सांडला. "माझ्या सीटवर?"

"तू मिस्तरी हाय ना. हलका करून दे मला. बस."
समजावलं. पेडल हलकं करता येतं, लहान सिलिंडर टाकला की झालं. पण मग दांडा तेवढा येत नाही, ही प्लेट सुटत नाही. जोर वाचवला की दांड्याची वाट कमी पडते, वाट वाढवली की जोर जास्त लागतो. दोन्ही फुकट कुणी देत नाही.
माझ्यापेक्षा लवकर समजलं त्यांना.
"मग जुनी साधी प्लेट टाक. तिला वाट बी कमी, जोर बी कमी."
बरोबर. आणि ती पुन्हा जळणार, पाय पेडलवर राहिला की. घाटात जळणार.
"घाटात नाय जाणार." 
"भाई."
"नाय जाणार म्हणतो ना. कांदा लासलगाव ते नाशिक. सपाट. अर्धं लोड."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

२१ फेब्रु.
सिलिंडर यायचा आहे, असंच सगळ्यांना सांगतोय. गाडी शेडमध्ये. भाई रोज येतात, गाडीभोवती एक फेरी मारतात, टायरवर थाप मारतात, जातात. पिंपळगावचे व्यापारी दुसऱ्या गाड्या लावू लागले. द्राक्ष थांबत नाही.

सौ. भाभींकडे जाऊन आली. भाभी म्हणाल्या, "भाईजानना सांगा, चावी ठेवून घ्या. माझं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतील." भाईजान म्हणजे मी. सौ. म्हणते ठेवून घ्या. ती बरोबर आहे. पण चावी ठेवून घेणारा मी कोण? ज्या माणसाने पहिल्यांदा स्टिअरिंग हातात दिलं त्याची...

आणि नाही ठेवली तर? घाटातलं ते वळण. समोरून येणारी कुणाची तरी गाडी.

२४ फेब्रु.
हेवी प्लेट काढली. साधी टाकली, लहान सिलिंडर. पेडलवर उजव्या हाताच्या दोन बोटांनी दाबून बघितलं. याहून हलकं माझ्याच्याने होत नाही. डाव्या बाजूला पाय टेकवायला एक पट्टी वेल्ड केली, जाड, खडबडीत, पाय पेडलवरून उतरला की तळव्याला नाही तर निदान गुडघ्याला कळेल. नामदेव म्हणाला, असली पट्टी कुठल्या गाडीला नसती. म्हटलं, या गाडीला आहे.

भाईंना सीटवर बसवून मी पुन्हा खाली. "दाबा."
दांडा आला. पाऊण. प्लेट सुटायला पुरतो. जेमतेम.
"किती?" वरून.
"पुरतो."
मग, "या अल्ला," हळूच. मी ऐकलं नाही असं दाखवलं. सगळं ऐकू येणं बरं नव्हे.

चावी माझ्या खिशात होती. रात्रभर राहू दे म्हटलं, सकाळी न्या.

२५ फेब्रु.
सकाळी दिली.
कबूल करून घेतलं, घाट नाही. त्यांनी गळ्याला हात लावला. हसत म्हणाले, "क्लीनर मालकाला कसम घालतोय, जमाना बदलला." चप्पल काढली, केबिनमध्ये चढले. डावा पाय हाताने उचलून आत घेतला, पहिल्यांदाच माझ्यासमोर. लपवलं नाही.

पुढे द्वारकेला चौक. डावीकडे वळलं की मुंबईचा रस्ता आणि पुढे कसारा. उजवीकडे नदीकडचा उतार, पिंपळगाव, लासलगाव. माझ्या दारातून चौक दिसत नाही. पण गाडी कुठे वळली ते मला बसल्या जागी कळतं, उजवीकडे गेली की उतारावर इंजिनचा आवाज हलका होतो, डावीकडे गेली की तसाच भरून राहतो.

दारात उभा राहिलो. नामदेवही पाना खाली ठेवून आला, सौ. उंबऱ्यावर.
पहिला. वाजला नाही.
दुसरा. वाजला नाही. क्लचवर टाकला की कानावर, ते मात्र कळलं नाही.
चौकाशी गाडी मंद झाली, वळायला लागली, आणि नेमकी नाशिकरोडकडून एस.टी. आली, हॉर्न दाबत, माझ्या दारासमोरून.
ती गेली तोवर चौकाकडून काहीच ऐकू येत नव्हतं.
"कुठं वळली, मिस्त्री?" नामदेवने विचारलं.
पाटी उन्हात चकाकत होती. स्वच्छच होती, तरी फडकं घेऊन पुसायला घेतली.