देवघरातला कप

मी, भालचंद्र काशीराम राऊत, वय ७४, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

१. राहतं घर आणि विहिरीसह केळीची वाडी मुलगा रमेश याला. गाडी लावायला जागा हवी म्हणून सोनचाफा तोडू नये. मी वरून बघणार आहे की नाही ठाऊक नाही, पण रमेशने धोका पत्करू नये.

२. बँकेतली ठेव रमेशची मुलगी क्षितिजा हिच्या शिक्षणासाठी. स्कूटरही तिलाच, अठराची झाल्यावर.

३. गावच्या क्रीडामंडळाला काही नाही. त्यांनी कबड्डीचं मातीचं मैदान बुजवून मॅट अंथरली. आमच्या घरात देवाची ओळख मातीतूनच झाली. मैदानात उतरताना माती कपाळाला लावायची, हे मला वडिलांनी शिकवलं, मी रमेशला, मग क्षितिजाला. पाच वर्षांची असताना तिने विचारलं, "आजोबा, समोरचे पण पाया पडतात. मग देव कुणाच्या बाजूने खेळतो?" तेव्हा एवढंच म्हणालो, "तो खेळत नाही, दम ऐकतो. चढाईत तुझा दम तुटला आणि पंचाला नाही कळलं, तरी त्याला कळतं."

४. देवघरात ठेवलेला १९७८ सालचा कप. माझ्या शेवटच्या चढाईवर आम्ही तो जिंकलो, म्हणून माझी दिवंगत पत्नी प्रेमलता त्याला रोज फूल वाहायची. हा कप तेव्हा समोरच्या संघात असलेला माझा मित्र फर्डिनंड तुस्कानो याला द्यावा. त्या चढाईत त्याने माझा घोटा धरला होता, आणि मधल्या रेषेला हात लागायच्या आधीच माझा दम तुटला होता. गलक्यात पंचाला ऐकू गेलं नाही. मी गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात शाळेच्या सामन्यात क्षितिजाने स्वतःहून हात वर केला आणि दम तुटल्याचं सांगितलं. संघ हरला. मैत्रिणी तिच्याशी बोलेनात. घरी येऊन कपाकडे बघत रडली आणि म्हणाली, "तुम्ही पण सांगितलं असतं ना, आजोबा?" मी हो म्हणालो. जुन्या खोट्यापेक्षा हे खोटं मला जास्त बोचतं. माझ्यामागे हे कलम तिला वाचून दाखवावं.

इथवर लिहून, कप घेतोस की साक्षीदार होतोस हे विचारायला फर्डिनंडला बोलावलं. वकील सांगतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. फर्डिनंडने सगळं वाचलं आणि म्हणाला, "भाल्या, कप नको मला, मी साक्षीदारच होतो. पण पोरगी बाजूच्या खोलीत अभ्यास करतेय, आणि तू मेल्यावर सांगणार तिला? जा, आधी सांग. मग सही करतो."

तेव्हा कलम ४ बदलतो. कपाचं काय करायचं ते क्षितिजाने ठरवावं. मी उठतो आहे. भीती वाटते.

स्थळ: निर्मळ
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

सही: भालचंद्र काशीराम राऊत

साक्षीदार:
१. डॉ. जागृती म्हात्रे (तपासलं, पूर्ण शुद्धीत आहेत.)
२. फर्डिनंड तुस्कानो (त्याने सांगितलं, मी दारात उभा होतो. पोरीने त्याचा हात धरून ठेवला आणि मला विचारलं, "तुम्ही पाय धरला होता ना? मग तुम्हाला तरी ऐकू आलं असेल." आलं होतं.)