सतरा नंबरचे डबे

३ सप्टेंबर, बुधवार

शाळेचं स्वयंपाकघर. आम्ही दोघी बारा वर्षांच्या, डोळ्यांवर सिस्टरांचे रुमाल बांधलेले. त्या आमच्या नाकाखाली एकेक डबा धरायच्या. "काय आहे?" — "दालचिनी, सिस्टर." "आणि हे?" — "जायफळ." "आणि आता?" बटणने छाती भरून वास घेतला — "कपड्यांचा साबण! तुमचे हात, सिस्टर!" सिस्टर इतक्या हसल्या की डबा कलंडला, बेदाणे टेबलाखाली. आम्ही रुमाल न सोडताच रांगत रांगत शोधले. निम्मे पोटात गेले.

'बटण' हे नाव मीच ठेवलेलं. गोल, बुटकी, आणि एकदा जिथे शिवली तिथून हलायची नाही.

हे आज आठवलं, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात आमच्या कारखान्याचे ख्रिसमसचे केक लागले! सप्टेंबरच्या तीन तारखेला! पंख्याखाली माणसं थंड पाण्याच्या बाटल्या घेताहेत आणि शेजारी लाल डब्यांचा मनोरा, वर कापसाचं बर्फ.

"अहो, अजून पावणेचार महिने आहेत," मी म्हटलं.

"मावशी, डिसेंबरात आलात तर नुसता कापूस मिळेल."

सवयीने डब्यावर वाकले. बंद डब्याला कसला वास! पण उघडा असता तरी —

लिहूनच टाकते. जुलैतल्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. सहा महिन्यांनी. कदाचित —" आणि चष्मा पुसत बसले.

कारखान्यात कुणाला बोलले नाही. बटणलाही नाही. आणि माझं कामच केक चाखायचं!

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज काहीच नाही. दोनदा हात धुतले, दोनदा साबण हुंगला. काही नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

केक भाजतात जूनपासून, मग महिनाभर डब्यात मुरतात. मग प्रत्येक लॉटमधला एक डबा आमच्या खोलीत येतो. लांब टेबल, दोन खुर्च्या — एक माझी, एक बटणची — पाण्याचे दोन पेले. आधी हुंगायचं, मग चाखायचं, एकमेकींशी बोलायचं नाही. मग वहीत सह्या. दोन सह्या झाल्या की माल बाहेर. अठ्ठावीस वर्षं असंच. थोरले साहेब म्हणायचे, "एक जीभ चुकेल, दोन कशा चुकतील?"

ते गेले. धाकटे साहेब चांगले आहेत, पण त्यांना घाई. "मावशी, प्रयोगशाळेचे कागद येतातच की. दोन दोन माणसं कशाला चाखायला?" आजवर आमच्या सहीचा एकही डबा परत आलेला नाही, म्हणून ती खोली टिकून आहे. मला घर आहे, मुलगा आहे, सून आहे. बटणचा नवरा तीन वर्षं अंथरुणावर. तिचं घर त्या खुर्चीवर चालतं.

तापानंतर चौदा ते एकोणीस नंबरच्या, म्हणजे यंदाच्या शेवटच्या सहा लॉटवर मी सही केली. कशी केली? आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, शांत. मी मान डोलावली, तिनेही डोलावली. सहाही वेळा! आजारी आहे म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण एवढ्या वर्षांत मी एक दिवस चुकवला नव्हता. ही आमची मिजास.

९ सप्टेंबर, मंगळवार

राहवलं नाही. कोपऱ्यावरून एक डबा आणला. तळाला शिक्का — सतरा.

सुनेला एक फोड दिली. तिला काही दाखवायचं म्हणजे धाडसच — माझ्या हातच्या कशालाही "छान" म्हणायच्या आधी ती तीन सेकंद थांबते. या वेळी थांबलीही नाही. सरळ उठून बेसिनकडे गेली.

"आई, अक्रोड खवट आहेत! जुन्या तेलाची घाण येतेय!"

मी एक फोड खाल्ली. गोड. मऊ. बस, गोड आणि मऊ.

१० सप्टेंबर, बुधवार

तक्रार अजून का आली नाही, ते आज समजलं. दुकानात एक बाई दोन डबे घेत होत्या. मी विचारलं, "आत्ताच खाणार का हो?" त्या हसल्या — "छे! कपाटात वर ठेवणार, मुलांचा हात पोचणार नाही तिथे. मुलगी येणार आहे बाळाला घेऊन. पंचवीस डिसेंबरलाच उघडणार."

म्हणजे आत्ता कुणी उघडणारच नाही! सगळे घेऊन ठेवणार. आणि एकाच दिवशी, एकाच वेळी, सगळ्या घरांत सुरी फिरणार. माणसं जमलेली, बाळ मांडीवर — आणि सगळे फोडी ताटात तशाच ठेवणार.

उद्या दुकानं फिरून शिक्के बघते.

११ सप्टेंबर, गुरुवार

चार दुकानं फिरले. डबे उलटे करून करून शिक्के बघितले. चौदा, अठरा, सतरा, सतरा, पंधरा, परत सतरा.

एका दुकानदाराने हटकलंच — "काय बघताय मावशी, तळाला भोक आहे का?"

"नाही हो, तारीख बघते."

"तारीख बाजूला असते! ख्रिसमसची हवी असेल तर कॅलेंडरात असते!"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. सतराचे तीन घेऊन आले. तीन घेऊन काय होणार? समुद्रातलं पाणी वाटीने उपसतेय मी!

१४ सप्टेंबर, रविवार

बाकीच्या नंबरांचा एकेक डबा आणून सुनेपुढे ठेवला. चौदा ठीक. पंधरा "छान" — तीन सेकंद न थांबता! सोळा ठीक. अठरा, एकोणीस ठीक. फक्त सतराच. एकच पोतं वाईट आलं असणार अक्रोडांचं.

"आई, आपण सप्टेंबरातच सहावा केक कापतोय. नेमका कुणाचा वाढदिवस आहे?"

"घरी बसून कंटाळा येतो गं."

तिने माझ्याकडे बघितलं. ती बघते तेव्हा मला शाळेत पकडल्यासारखं होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दूध गॅसवर ठेवलं आणि ओट्याशेजारीच स्टुलावर बसून पेपर वाचत होते. सून बाहेरून धावत आली, पायात चप्पल तशीच. गॅस बंद केला, खिडकी उघडली. मी बघितलं तर स्वयंपाकघरभर धूर, पातेलं काळं.

"आई! खालच्या जिन्यापर्यंत वास येतोय! तुम्ही इथेच बसलात ना?"

मी पेपराची घडी घातली.

ती खाली बसली, माझ्या गुडघ्याशी. "कधीपासून?"

"जुलै."

"आणि म्हणून मला केक भरवताय होय!" ओरडेल वाटलं. तिने माझा हात हातात घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच, बहुतेक. मग सगळं सांगितलं. सह्या, सतरा नंबर, कपाटात वर ठेवलेले डबे.

पातेलं घासता घासता तिने विचारलं, "पण तुमच्या मैत्रिणीला कसा आला नाही वास? मला तर फोड तोंडात घालायच्या आधीच आला."

१७ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर तोच प्रश्न. उत्तर एकच असू शकतं. बटणला वास आला. तिने माझी मान डोललेली बघितली आणि समजली की माझं नाक गेलं. मग माझी चूक उघडी पडू नये म्हणून तिनेही सही केली. माझ्यासाठी! नवरा अंथरुणावर असताना, घर त्या खुर्चीवर चालत असताना!

आणि मला ताप आला होता, एवढंही मी तिला धड सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तिच्याकडे गेले. बोलायचंच असं ठरवून. ती नवऱ्याला चमच्याने पेज भरवत होती. तो मला बघून म्हणाला, "आल्या का दुसऱ्या जिभेच्या बाई! हिला सांगा, यात मीठ नाही."

"आहे मीठ!" बटण म्हणाली.

"अगं, मी गिळतोय ना, मला माहीत आहे."

आम्ही हसलो. ती मला सोडायला दारापर्यंत आली. "काही बोलायचं होतं का गं?" तिच्या हाताला चमच्याची पेज लागलेली. मी म्हटलं, "नाही, सहज." तिने बिस्किटांचा पुडा हातात कोंबला — "सुनेला दे. ताजी आहेत."

भित्री! साठी उलटली तरी भित्री ती भित्रीच.

२० सप्टेंबर, शनिवार

सुनेने पुडा उघडला आणि लांब धरला. "आई, याला फिनेलचा वास येतोय! फरशी पुसायच्या सामानात ठेवला होता की काय?"

बिचारी बटण. आजाऱ्याचं करता करता कशाकडे लक्ष देणार? मी सुनेला म्हटलं, "तिला सांगू नकोस हं."

२२ सप्टेंबर, सोमवार

कोपऱ्यावरचा मनोरा निम्मा झालाय. दुकानदार खुशीत — "बघा मावशी, म्हटलं नव्हतं?"

तिथेच उभी राहून मोजत बसले. एका डब्याचं एक घर.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कामाचे पैसे घ्यायला कारखान्यात गेले, तर धाकटे साहेब पॅकिंगमध्ये उभे होते. एका पाहुण्याला सांगत होते, "आमच्याकडे एक सोडून दोन मावश्या चाखतात. त्यांची सही असली की मी डबा उघडूनही बघत नाही." मला बघून त्यांनी नमस्कार केला. जमीन दुभंगली तर बरं, असं झालं.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन असं मी म्हणणार नाही. पण ते बाळवाल्या बाईंचे डबे मला रात्रंदिवस दिसतात. तुम्हाला दिसत नाहीत?"

दिसतात. उद्या बटणकडे. तिचं नाव मधे येऊ देणार नाही. सतराच्या ओळीत तिची सही मी आग्रह करून घेतली, असं सांगेन.

२५ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी

काल तिला सगळं सांगितलं. "तू मला वाचवायला सही केलीस, बटण, आता मी तुला वाचवते." ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. का हसायला, ते आधी समजलंच नाही.

"अगं वेडे, मला कुठला वास! मागच्या हिवाळ्याच्या मागचा हिवाळा, त्या सर्दीत गेला तो गेला. दोन वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघून सही करतेय. तू मान डोलावलीस की बरा. भुवई चढवलीस की परत."

"आणि यंदा मी तुझ्याकडे बघत होते!"

सिस्टरांचे रुमाल बांधून दोघी अजून रांगतोच आहोत.

दहा वाजता दोघी मिळून धाकट्या साहेबांकडे जातोय. परत येईपर्यंत काय होईल माहीत नाही, म्हणून सुनेसाठी लिहून ठेवते —

सतराचे डबे दुकानांतून आणि घरांतून परत घ्यायचे, हे लिहिलेला कागद साहेबांना. त्याची एक प्रत कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, मनोऱ्यावर चिकटवायला. पंधरा नंबरचा उरलेला अर्धा केक बटणच्या नवऱ्याला, दुधात कुस्करून, आणि वर चिमूटभर मीठ ठेव, तो हसेल. माझा पांढरा एप्रन कारखान्याला परत. मी ज्याने चाखते तो, सिस्टरांनी दिलेला चमचा तुला. साहेबांना मी सांगणार आहे की त्या खुर्चीसाठी तुला बोलवा. नाक मुरडू नकोस, विचार कर. खोली राहिली तर.

आणि कपाटात वर एक न उघडलेला डबा आहे, एकोणीस नंबरचा. तो पंचवीस डिसेंबरला. बटणला बोलव. आधी तू हुंग, मग आम्हा दोघींना सांग, कसला कसला वास येतोय.