मीटरवाला समुद्रावरून येतो

ॲक्टन, लंडन
बुधवार, १७ ऑक्टोबर १९७३

प्रिय विनीताईस,

धाकट्या पर्सीचा वाकून (कंबर धरल्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढंच) नमस्कार. तुझा गुडघा, अल्बर्टदाजींची कबुतरं आणि रॉचडेलची हवा, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. दाजी गेल्यापासून तू घराबाहेर पडत नाहीस, चॅपेलसुद्धा चुकवतेस, असं शेजारच्या एन्टविसलकाकूंनी कळवलं (त्यांनी कळवलं, हे त्यांना कळवू नकोस). माझं म्हणशील तर उत्तम चाललंय. घरमालकिणीच्या हातचं खाऊनही उत्तम, यावरून काय ती कल्पना कर.

आता कामाची बातमी. भलतंसलतं काही तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याच तोंडून आलेलं बरं. समुद्रकाठच्या लॉजवरची आमची मालिका लोक कुणासाठी बघतात, हे मी तुला सांगायला नको. बाकीची मंडळी अर्धा तास धडपडतात, पडतात, एकमेकांच्या अंगावर सूप सांडतात. मी गॅसवाल्याची टोपी घालून दारात येतो, 'मीटर बघायचा होता, पण घाई नाही' म्हणतो आणि जातो. भागाला एवढं एकच वाक्य, पण बसचा कंडक्टरसुद्धा मला बघून ते म्हणून दाखवतो. लॉजमालकाचं काम करणारे रुपर्ट फॅनशॉ यांची समजूत आहे की मालिका त्यांची आहे. असू दे बिचाऱ्यांची. मी कुणाच्या समजुतीत ढवळाढवळ करत नाही.

तर गेल्या आठवड्यातल्या रविवारी चित्रीकरण होतं. समोर नेहमीसारखे फुकट पासवर आणलेले प्रेक्षक. या खेपेला केंटमधल्या एका चॅपेलच्या महिला मंडळाची अख्खी बस. (सुरुवातीला प्रेक्षकांना हसतं करायला एक माणूस ठेवलेला असतो. त्यानं नेमका पाद्र्यांवर विनोद केला, त्यामुळे बाया आधीच ताठ झालेल्या.) माझी वेळ आली, मी दाराची मूठ फिरवली आणि मूठ माझ्या हातात आली. आमच्या भिंती प्लायवुडच्या, दार प्लायवुडचं आणि माझा संशय आहे की फॅनशॉही प्लायवुडचेच. दुसरा नट असता तर थांबून सुतार बोलावला असता. मी कसला थांबतोय! शेजारची खिडकी उघडी होती, तिच्यातून आत शिरायचं ठरवलं. घाईत एवढंच विसरलो, की त्या खिडकीबाहेर कापडावर रंगवलेला समुद्र आहे. म्हणजे लोकांना काय दिसलं? गॅसवाला लाटांवरून शांतपणे चालत येतोय, दीपगृहापाशी वाकतोय (तिथे एक दोरी होती), मग खिडकीतून तंगडी टाकून टोपी काढतोय.

मला वाटलं, आता हशानं छप्पर उडणार. कुणी हूं की चूं केलं नाही. त्या बायांना वाटलं, बायबलातल्या पाण्यावरून चालणाऱ्या प्रभूची मी नक्कल करतोय. पुढच्या रांगेतली एक तर उठून ओरडली, "लाज नाही वाटत मेल्या? देवाची टिंगल करतोस?" तेवढ्यात फॅनशॉ वळून म्हणाले, "पर्सी, दार उघडत नसेल तर माणसानं बाहेरच राहावं." आणि ताई, त्यावर मात्र सगळी बस पोट धरून हसली.

नंतर निर्माते पार्जिटर यांनी मला बाजूला घेतलं. लेखकांच्या मनात मीटरवाल्याला कॅनडाला भावाकडे पाठवायचं आहे म्हणे. वर्षातला शेवटचा भाग येत्या रविवारी. त्यात समोरचे लोक मीटरवाल्याला मनापासून हसले तर पुढच्या वर्षी तो राहील, नाहीतर त्याला रामराम. मी घाबरलो का? छे! हां, दोन दिवस जेवण गेलं नाही, पण ते घरमालकिणीच्या किडनी-पुडिंगमुळे.

काल तो भाग टीव्हीवर लागला. मी समुद्रावरून येतो, आणि काय आश्चर्य, हशा! आधी उचकीसारखं काहीतरी, मग चहाच्या किटलीची शिट्टी, मग 'अगं आई गं'. ताई, ते हसणं तुझं! दोन वर्षांपूर्वी तू आणि दाजी चित्रीकरण बघायला आला होतात, तेव्हाचं. ध्वनिमुद्रणवाल्यानं ते टेपवर जपून ठेवलंय आणि जिथे सामसूम होते तिथे तो ते जोडतो. आमची घरमालकीण (ही बाई स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही हसलेली नाही) तुझं हसणं ऐकून खुर्चीतून घसरली. तुझ्या हसण्याचा असा गुण आहे.

बाकी सर्व क्षेम. थंडी वाढली आहे, लोकरीचे मोजे घालत जा.

तुझा कर्तबगार भाऊ,
पर्सी

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहितो. रविवारसाठी तुझ्या नावाचा पास काढून ठेवलाय, तिसऱ्या रांगेतला. टेप घरी बसलेल्यांना फसवते, पार्जिटरांना नाही. ते समोरच बसतात. तू एकदा सुरू झालीस की मागे सगळी रांग हसते, आणि माझी नोकरी वाचते. कबुतरांना एन्टविसलकाकू दाणे टाकतील. काळ्या कपड्यात चारचौघांत हसणं बरं दिसत नाही म्हणशील, तर प्रेक्षकांत अंधार असतो.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच रविवारची संहिता हातात पडली. मीटरवाला कॅनडाला निघाला. बोटीचा भोंगासुद्धा टाइप करून झालाय. तू हसलीस तरी आता काही बदलणार नाही. म्हणजे माझ्यासाठी यायचं कारण उरलं नाही. तरी ये. टेपवरचं तुझं हसणं दाजी होते तेव्हाचं आहे, आणि मला तुझी फार आठवण येते. हसू आलं नाही आणि रडू आलं, तर खुशाल रड. विनोदी मालिकेत आपल्या जाण्यावर कुणी रडलं, हा मान फॅनशॉंना उभ्या जन्मात मिळायचा नाही.