बाबांच्या फोटोसाठी दुसरी लेन्स

ती. आत्या,

इथूनच तुझ्या पाया पडते. तुझे गुडघे बरे असतील आणि आतोबा आपल्याच चष्म्यावर बसायचे थांबले असतील, असं धरून चालते.

आमच्याकडे बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे. म्हणजे डॉक्टरांनी ठरवलं आहे. बाबा म्हणतात, आधी भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो काढा, मगच दवाखान्याची पायरी चढेन. (थोरले काका गेले तेव्हा त्यांचा फोटो ऐनवेळी ग्रुप फोटोतून कापावा लागला आणि त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात कायमचा राहिला, हे त्यांच्या मनाला फार लागलंय. तो हात तुझा, असं आई म्हणते. आत्ता त्यात शिरत नाही.)

कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम लेन्स माझ्याकडे होतीच. दिवसा तिच्याबद्दल तक्रार नाही. गच्चीतल्या उन्हात बाबांच्या मिशीचा केस न् केस दिसतो. पण उन्हात बाबा डोळे बारीक करतात आणि समोरच्याने चोरी केल्यासारखे बघतात. फोटो पाहून म्हणाले, हा माणूस गेला तर लोकांना बरंच वाटेल. संध्याकाळी खिडकीपाशी रेडिओ ऐकताना त्यांचा चेहरा सैल पडतो, पण तेव्हा ती लेन्स हात टेकते. निम्मा फोटो काळा, उरलेला हललेला. फ्लॅश मारला तर ते दचकले, आणि हृदयाच्या माणसाला दचकवलं म्हणून आईने माझ्याशी अबोला धरला.

शेवटी जुन्या लेन्स विकणाऱ्याकडे गेले. त्याने आधी हातात दिलेल्या लेन्सची किंमत ऐकून मी ती अलगद परत ठेवली. तो भला माणूस निघाला. म्हणाला, कमी उजेडासाठी खिसा रिकामा करायला नको. झूमचा नाद सोडा, पन्नास एमएमची साधी लेन्स घ्या, तिचं तोंड मोठं उघडतं, उजेड भरपूर आत येतो, आणि जवळ-लांब करायला आपले पाय आहेत. वापरलेली एक घेतली. तोंड पूर्ण उघडलं की अगदी थोडाच भाग स्पष्ट येतो, हे मात्र घरी येऊन कळलं. एकदा बाबांचं नाक लखलखीत आणि बाकीचे बाबा धुक्यात. एकदा नुसता कान. मग माझा हात बसला, फोटो बरे येऊ लागले, तर बाबांना कॉलर आवडेना, मग खुर्ची, मग मागचा पडदा. तोवर डॉक्टरांची तारीख दोनदा पुढे गेली.

काल कॅमेरा डोळ्याला लावूनच विचारलं, बाबा, नक्की हवंय तरी काय? त्यांनी रेडिओ बारीक केला.

“घाई काय आहे? चांगला येईपर्यंत काढत राहू की.”

दोष लेन्समध्ये नव्हता, आत्या. बाबा घाबरलेत.

बाकी सगळे ठीक.

तुझी भाची

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठीच. तू मोठी बहीण, तुझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. लगेच ये आणि त्यांना हाताला धरून दवाखान्यात ने.

आणखी एक. काल ते तसं म्हणाले तेव्हाच मी बटण दाबलं होतं. तो फोटो उत्तम आलाय. डोळे स्वच्छ, ओठांवर जरासं हसू, कॉलरसुद्धा सरळ. नाव ठेवायला जागा नाही. मी तो त्यांना अजून दाखवलेला नाही. दाखवला की त्यांना जावं लागेल, आणि माझाच धीर होत नाही. आलीस की आधी मला रागव.