पत्र्याची खोली आणि अल्टिरिअर मोटिव्ह

४ जुलै, लातूर
नीटचं दुसरं वर्ष. ॲपवरची कोरियन मैत्रीण मिन्जी (मी तिला इंग्रजी, ती मला कोरियन) विचारते, ‘अल्टिरिअर मोटिव्ह’ म्हणजे काय? म्हटलं, सांगायचं एक कारण, खरं ठेवायचं पोटात. तिनं उदाहरण मागितलं. घरचंच दिलं. मला क्लासजवळच्या नव्या बिल्डिंगीत मैत्रीण शबानासोबत राहायचंय, तर आमचे वडील, अण्णा, म्हणतात, ‘‘पत्र्याची खोलीच बरी, हवा खेळती हाय.’’ हवा कसली, भट्टी आहे नुसती! खरं कारण घरमालकीण मावशी. अण्णांच्या ओळखीची. माझ्यावर नजर ठेवायला.

९ जुलै
पाऊस. पत्र्यावर एवढा आवाज की व्हिडिओतले सर नुसतंच तोंड हलवतायत. चिडचिड. शबाना म्हणे, ‘‘तिसऱ्या मजल्यावर ये की गं, लई शांत हाय.’’ यंदा नंबर नाही लागला तर सरळ घरी. तिसरं वर्ष नाही, ठरलंय.

१२ जुलै
मिन्जी भलती चिकट. अण्णा आले की मावशीला काय काय विचारतात म्हणे? आठवून पाहिलं. काहीच नाही. येतात, वर बघतात, माझी कॉट दाराजवळ सरकवतात, चहा पिऊन जातात. मी कॉट परत पंख्याखाली नेते.

१३ जुलै
कॉटचं आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, ‘‘भूकंपात घराचं मातीचं माळवद पडलं, तुझी धाकली आत्या त्याखाली गेली. तुझ्या अण्णानं हातानं माती उकरून काढलं तिला. तवापासून जड छताखाली डोळा लागत न्हाई त्यांचा. तुला सांगू नको म्हनले, पोरगी भिईल.’’
घरी स्लॅब असून अण्णा पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. मला वाटायचं, घोरतात म्हणून. फार वाईट वाटलं.

१६ जुलै
अण्णा आले. आईनं सांगितलं असणार, मी काही बोलायच्या आत, ‘‘चल, शबानाची खोली दाव.’’ तिसरा मजला, कठडा धरून चढले. आत आलेच नाहीत. दारात उभे, एक हात चौकटीला. छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘‘खोली चांगली हाय. घे. अभ्यास व्हईल.’’ शर्ट पाठीला चिकटलेला. शबानानं चहा टाकला होता, थांबले नाहीत.

१७ जुलै
शबानाला अजून हो म्हटलेलं नाही. मिन्जीला कळवलं, माझं उदाहरण चुकलं. तर तिचा प्रश्न, हा शब्द चांगल्या माणसाला चालतो का?
कॉट दाराजवळ ओढलीय. तिथं पंख्याचं वारं लागत नाही.