मागचा आरसा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकूनच करतोय, पण हल्ली मी वाकलो की सरळ वाकता येत नाही, डावीकडे कलतो. तेव्हा नमस्कार तुझ्या पायांऐवजी शेजारच्या कपाटाला पोचला असेल तर तिथून उचलून घे. तुझी तब्येत कशी आहे? (रीत म्हणून विचारत नाही. खरंच विचारतोय. कारण पुढे येईल.) गुडघे? झोप? केस? दाजींनाही नमस्कार सांग. त्यांच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही म्हणून मी जन्मभर त्यांची चेष्टा केली, आणि आज मला त्यांचा हेवा वाटतो. ते का, हेही पुढे येईल. फोन केला असता, पण सहा वर्षांत तू माझा एकही फोन उचललेला नाहीस. पत्रं मात्र उघडतेस असं भाचा म्हणाला. (उघडून फाडतेस असंही म्हणाला. तर एवढं वाचून मग फाड.)

इकडे दुकान बरं चाललंय. झालं असं की गेल्या वर्षी कचऱ्याच्या गाडीवाल्यांनी माझ्या दुकानातले केस घ्यायचं बंद केलं. केस हा ओला कचरा की सुका, यावरून त्यांच्या दोन माणसांची माझ्या दारात हमरीतुमरी झाली. एक म्हणे माणसाच्या अंगचं ते ओलं, दुसरा म्हणे हात लावून बघ की, सुकंच आहे. शेवटी दोघांची दिलजमाई झाली ती केस न घेण्यावर. दुकानामागे पोती साचायला लागली. न्हाव्याचा उकिरडा उकरावा तितके केसच निघणार म्हणतात, पण इथे उकरायचीही गरज नव्हती, वारा सुटला की केस आपले आपण उडून शेजारच्या शिंप्याच्या कापडावर जाऊन बसायचे. एका गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये कोणाची तरी अख्खी मिशी शिवली गेली. शिंप्यानं त्या दिवशी भर रस्त्यात माझी बिनपाण्यानं केली.

तेव्हा हवामान मावशी मदतीला आली. (तू तिला ओळखत नाहीस. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते. तीस वर्षं हवामान खात्यात रोज सकाळी पारा वाचायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, ही ऋतूंना लागली.) तिचं म्हणणं असं की वर्षातले आठ दिवस निराळे. सगळ्यात मोठा दिवस, सगळ्यात छोटा, दिवसरात्र समान असणारे दोन, आणि यांच्या अधलेमधले चार. त्या दिवशी ऋतू कूस बदलतो, आणि कूस बदलताना माणूस झोपेत जसा कशालाही हो म्हणतो तशी जमीन हो म्हणते. मावशी त्या दिवशी उजाडताना अंगणात अनवाणी उभी राहते, चार दिशांना पाणी, राख, धूर आणि फुंकर देते, आणि मग वर जाऊन नोंदवही भरते. तारीख, तापमान, वाऱ्याची दिशा, काय मागितलं, काय मिळालं. (एका ठिकाणी मी स्वतः पाहिलं, शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अंशतः'.) सरकारी नोकरी अंगातून जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मावशी म्हणाली, केस फेकायचे कशाला, दुकानामागच्या झाडाला दे. ते जुनं झाड तुला आठवत असेल. कसलं आहे ते कोणालाच सांगता येत नाही, ना फळ ना फूल, नुसता दक्षिणेकडे कललेला बुंधा. पानगळीच्या तोंडाशी जो समान दिवस येतो त्या दिवशी सकाळी आळं करायचं, केस पुरायचे, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि शेवटी एवढंच म्हणायचं, तुझं तुला, आमचं आम्हाला. नेमकी त्या दिवशी मावशीला सर्दी झाली, ती खाली आलीच नाही, आणि मी एकटा गेलो.

आता ताई, मला गप्प राहायला सांगायचं? मला! हातात कात्री धरल्यापासून माझं तोंड कधी मिटलंय का? आणि पोत्यात हात घातला की बोटांना माणसं कळतात गं. पस्तीस वर्षं झाली, राठ कोणाचे, रेशमी कोणाचे, कलपाचे कोणाचे, हे मला डोळे मिटून सांगता येतं. त्यामुळे मी झाडाला एकेकाची ओळखच करून दिली. हे आपले शिंपीबुवा, बोलायला फाटके पण मनानं बरे. हे पोस्टमन, यांना पाय आहेत की चाकं कळत नाही. हे हेडमास्तर, निवृत्त झाले तरी आरशात बघून स्वतःलाच रागावतात. असे एकेक करून नेहमीचे सगळे दिले. शेवटचे मूठभर केस टाकतोय तोच दुकानातून हाक आली. एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावलेलं तसंच ठेवून मी बाहेर आलो होतो, आणि साबण सुकला होता. मी धावत आत गेलो. ते शेवटचं वाक्य म्हणायचं राहूनच गेलं.

पंधरा दिवसांत झाडाची पानं गळायला लागली, आणि त्याच आठवड्यात माझ्या नेहमीच्या लोकांचे केस. कंगवा फिरवला की मूठभर हातात. मी आपला तेल बदलायला सांगत होतो. मग थंडीत कोणाचेच केस वाढेनात. दोन महिने खुर्ची रिकामी. आणि जे यायचे ते केस कापायला नाही, नुसते बसायला यायचे, आणि खिडकीतून ऊन आत आलं की बोलता बोलता थांबून सगळे तिकडे तोंड करायचे. पेपर तसाच हातात. पोस्टमन, ज्याला चाकं आहेत म्हटलं तो, चौकात ऊन बघून एकदा चार तास उभा होता. मग पालवी फुटली आणि एका आठवड्यात सगळ्यांची डोकी रानासारखी माजली, दारात रांग. मी खूश. मला वाटलं, मावशीची विद्या धंद्याला पावली! फक्त कल्ले जमेनात. दोन्ही बाजू मापून सारखे करावेत आणि गिऱ्हाईक उठलं की एक खाली एक वर. माझा हात गेला की काय म्हणून मी धसकलो. मग लक्षात आलं की कल्ले बरोबर आहेत, माणसंच डावीकडे कललीत. सगळी. झाडासारखीच दक्षिणेकडे, माझ्या खुर्चीत डावी बाजू ती दक्षिण.

ताई, इथवर मी हसत होतो. तीन आठवड्यांपूर्वी नगरपालिकेचा माणूस आला आणि झाडावर लाल रंगानं चौदा आकडा काढून गेला. मागची गल्ली रुंद होणार, झाड जाणार. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर खुर्चीत बसले, मी मानेवर मशीन लावलं, आणि केसांखाली, जिथे माणसाला स्वतःला कधी दिसत नाही तिथे, लाल चौदा. पुसून पाहिला. पावडर लावली. गेला नाही. शिंप्याच्या मानेवर चौदा. पोस्टमनच्या मानेवर चौदा. तू जाणतेस, हजामत झाली की मागून छोटा आरसा धरून मान दाखवायची ही आपल्या धंद्याची रीत, बाबांनी मला आधी आरसा धरायला शिकवला आणि मग कात्री. तो आरसा मी त्या दिवसापासून धरायचा बंद केला. फुटला म्हणून सांगितलं. तोंडानं मात्र बडबड चालूच होती.

मग एका सकाळी नगरपालिकेचे लोक करवत चालते का ते बघायला आले आणि खालची एक फांदी सहज म्हणून कापली. माझ्या बाकड्यावर पाच जण बसले होते. पाचही जणांनी एकाच वेळी डावं कोपर धरलं. शिंपी एवढंच म्हणाला की थंडी वाजतेय. त्या दिवसापासून त्याच्या डाव्या करंगळीत जीव नाही, सुई टोचली तरी कळत नाही, आणि तिचा रंग वाळक्या काटकीचा झालाय.

मी मावशीकडे धावलो आणि सगळं कबूल केलं. तिनं नोंदवही काढून मी दिलेली सगळी नावं उतरवून घेतली. मग म्हणाली, अरे, नुसते केस दिले असतेस तर ते खत होतं. तू नावं घेऊन दिलेस. तू माणसं दिलीस. (लोकांचा केसानं गळा कापणारी माणसं असतात, ताई, पण मी ते न कळत केलं, ही शपथ.) उपाय एकच. आता थंडीनंतरचा समान दिवस येतोय, तेव्हापासून आठ दिवस तागडी सारखी असते. तेवढ्यात ज्याचं त्यानं झाडाखाली येऊन ते राहिलेलं वाक्य म्हणायचं, आणि ते म्हणताना त्याच्या डोक्यावर, ज्यानं त्याला दिलं, त्याचा हात हवा.

मी खुर्ची उचलून झाडाखाली मांडली आणि बाहेर पाटी लावली, 'मोकळ्या हवेत डोक्याचं मालीश, फुकट'. फुकट म्हटल्यावर पाटी वाळायच्या आत माणसं आली. मालीश करता करता मी सांगायचो, आता म्हणा, तुझं तुला, आमचं आम्हाला, असं म्हटलं की तेल मुरतं. मावशी वही घेऊन शेजारी उभी, लोकांना वाटलं आरोग्य खात्याची पाहणी आहे. हेडमास्तरांनी आधी वाक्याचा अर्थ विचारला, मग ते तीनदा म्हटलं, एकदा स्पष्ट उच्चारांसाठी. प्रत्येकाचं म्हणून झालं की वरून एक हिरवंगार पान गळायचं, वारा नसताना, आणि माणूस खुर्चीत सरळ व्हायचा. मानेवरचा आकडा पुसलेला. शिंप्याची करंगळी मात्र परत आली नाही, त्याबद्दल मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. पोस्टमन उठताना म्हणाला, हलकं वाटतंय, पण कोणीतरी घर सोडून गेल्यासारखंही वाटतंय. मावशीच्या वहीत एकूण तेवीस नावं होती. एकवीस सुटली. दोन राहिली.

त्यातलं एक तुझं.

रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण पुढचं वाच. आई आजारी असताना मी तिचे केस कापले म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. तिला उशीवर मान टेकवत नव्हती गं. गाठी झाल्या होत्या, कंगवा लावला की रडायची, तिनं स्वतः मला कात्री आणायला सांगितली. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तू दारातूनच ओरडलीस आणि मीही ओरडलो, आणि आईचे दिवस उरकल्यावर तू गेलीस ती गेलीसच. नंतर आईच्या ट्रंकेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात तुझी वेणी होती, लग्नाआधी तापात कापलेली, आईनं लाल दोऱ्यानं बांधून ठेवलेली. गेल्या पानगळीला, त्याच सकाळी, मी ती झाडाला दिली. ही माझी ताई, म्हटलं. हिला सांग, इथेच राहा, लांब जाऊ नकोस. बाकीच्यांच्या बाबतीत माझी जीभ घसरली, तुझ्या बाबतीत मी जाणूनबुजून केलं.

परवा भाच्याला फोन केला. तो सहज म्हणाला, आईचे केस पानगळीत फार गेले, आणि हल्ली ती दुपारची खिडकीत उन्हाकडे तोंड करून उभी राहते, बोलावलं तरी ऐकू जात नाही, आणि जरा डावीकडे कलते. फोन ठेवून मी गाड्यांचं वेळापत्रक काढलं.

झाड येत्या गुरुवारी सकाळी दहाला पाडणार. हे पत्र पोस्टमन स्वतः मंगळवारपर्यंत पोचतं करतो म्हणालाय (आता त्याला पुन्हा चाकं आहेत). तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही असं मी लहानपणी म्हणायचो, आणि बघ काय करून बसलो. बुधवारच्या गाडीनं ये. धाकट्यानं थोरलीच्या डोक्यावर हात ठेवायचा हे बरं दिसत नाही, पण एकदाच, आणि मावशीखेरीज कोणी बघणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. हा सगळा मला बोलवायचा बनाव आहे, असं तू म्हणणारच. मीही म्हटलं असतं. तर असं कर. दोन आरसे घे, एक भिंतीचा आणि एक हातातला, केस वर धर आणि मानेमागे बघ. दाजींना बघायला सांगू नकोस, ते घाबरतील. (कोणी झाडाला द्यावं असं त्यांच्या डोक्यावर काहीच नाही, मला हेवा वाटतो तो याचा.)

ता. क. दुसरा. आईचे केस मी झाडाला दिले नाहीत. तेव्हा कापलेले ते मी त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत, आणि डबा इथेच फळीवर आहे. तो कोणाकडे राहावा ते तू ठरव, मी हूं की चूं करणार नाही.

ता. क. तिसरा. मानेवर काहीच दिसलं नाही, तरी ये. वहीतलं तेविसावं नाव माझं आहे. सगळ्यांची ओळख करून देताना शेवटी म्हटलं होतं, आणि हा मी. स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर चालत नाही असं मावशी म्हणते, रक्ताच्या माणसाचा लागतो. दुकानात चार आरसे आहेत, पण मी माझी मान अजून पाहिलेली नाही.